बोटावरचा रंग

१० मार्च, सोमवार

खेळ्यांच्या सोंगांची पेटी उघडली. दोन वर्षांनी. कुलूप गंजलेलं, तेल सोडून अर्धा तास बसली तवा फिरलं.

चावी काल वामननं आगरदांड्याहून आणली. इतकी वर्षं ती आयेच्या कनवटीला असायची. दिवाळीनंतर लेकीकडं औषधपाण्याला राहायला गेली तर चावी पण संगं घेऊन गेली. म्हणजे पेटी माझ्या माळ्यावर आणि चावी खाडीपल्याड. सासू असावी तर अशी.

वामन दीर माझा, चाळिशी उलटली, पण चावी देताना इस्तव हातात देत असल्यासारखा.
"आये बोलली, आता वयनीकडंच राहू दे."
"अजून काय बोलली?"
"गंगावनाला मागच्या टायमाला तेल ठेवलंस बोलली. नीट धुवायचं."

अंथरुणात पडून पण माझ्या चुका काढते.

चावी मी डब्यात ठेवली. मग काढून कनवटीला लावली. मग परत डब्यात.

पेटीत काय काय: गंगावन, कसर लागलेली, अर्धा शेपटा गेला. नथ, कमरपट्टा ठीक. किस्नाचा मुकुट उंदरानं खाल्ला, बेगड तेवढं राहिलं. संकासुराची टोपी ठीक, तिला उंदीर पण घाबरतो. घुंगरू दोन्ही पायांचे. आयेचं हिरवं लुगडं, घडीवर चिरलेलं, पण नेसता येईल.

ही वही मूळची लुगड्यांची. शिमग्याच्या खेळ्यांत राधेला कोणाचं लुगडं आलं, कोणाचं परत गेलं ते लिवायची. चौथी शिकली तेवढं त्याला पुरतं. मागची पानं कोरी राहतात त्यावर मी माझं लिवते. कोणी वाचत न्हाय.

१२ मार्च, बुध

सकाळी रंग मळला. सफेता, पिवडी, खोबरेल. खलात दोन तास. शेजारची कमळी ओट्यावर बसून बोलते, "काकी, नळीतला तयार रंग मिळतो आता." मिळतो. शिमग्याच्या उन्हात दुधासारखा गळतो. पलीकडच्या गावच्या किस्नाचं झालं तसं, गळा निळा आणि हनुवटी पांढरी. माणसं हसली. देवाला हसायचं का.

काजळ एरंडेलाच्या दिव्यावर तवा धरून. ओठाला कुंकू तुपात कालवून. हे सगळं आयेनं शिकवलं. शिकवलं म्हणजे हातावर चापट मारून.

दुपारी तात्या आला. मंडळाचा म्होरक्या, गवळणीत मावशी होतो तो. दोन वर्षं गावकीच्या भांडणात खेळे बंद होते म्हणून सगळे नेम परत सांगून गेला, जसे मला ठाऊकच न्हाय.
"नारळ फुटला की पहिला टिळा."
"व्हय."
"टिळा लागला की तो वामन न्हाय, राधा. नावानं हाक मारायची न्हाय."
"व्हय तात्या."
"टिळा लागल्यापासून रंग फिटेपर्यंत सुतक लागत न्हाय. घरात कोण गेलं तरी रंग फिटल्यावरच सांगायचं. पण टिळ्याच्या आधी कळलं तर रंगाला शिवायचं न्हाय. मग राधा न्हाय, गवळण न्हाय, पालखी वाडीत न थांबता पुढं."
मी बोलली, "तात्या, तुमच्या आधीपासून मी रंग मळतेय."
"तसं न्हाय गं. म्हातारी आजारी हाय म्हणून बोललो."

रंग लावणारीनं लावताना बोलायचं न्हाय हा नेम आयेचा स्वतःचा. तात्याच्या यादीत न्हाय तो. माझ्यासारखीला सगळ्यात जड तोच जातो.

१३ गुरवार

होळी लागली. माड उभा केला. आयेला फोन लावला, नणंदेनं, शेवंतानं कानाला धरला तिच्या. आये काय बोलली ते कळलं न्हाय. शेवंता बोलली, "गंगावन धुतलं का विचारतेय." मी बोलली, धुतलं. धुतलं न्हवतं. उद्या धुईन.

१५ शनि

बायका लुगडी घेऊन येतात. ज्या बाईचं लुगडं राधा नेसते तिचं काम होतं असं मानतात. पोर न्हाय, नवरा पितो, जावई नांदवत न्हाय. सकाळपासून सात लुगडी आली. कमळी दोनदा येऊन गेली. शेवटी मी बोलली, "राधेला एकच अंग हाय." रुसून गेली.

वामन बोलला, "यंदा आयेचं हिरवंच नेसव." बरं. मग कोणाचंच न्हाय. सात लुगडी परत. लिवून ठेवली.

चोळी माझी. पावसाळा सरल्यापासून शिवत होती, बाह्यांना जर लावली बारीक टाक्यात. वामननं घालून बघितली, आरशात न बघता बोलला, "आयेला दाखवायला पायजे होती."

वामनला दोन मुली सांगून आल्या होत्या कवाच्या. दोघींच्या बापानं विचारलं, राधा होतो तोच ना हा? तो बोलला, व्हय. झालं. त्यानंतर कोणी विचारलं न्हाय, त्यानं पण न्हाय. वर्षातला एक दिवस तो देखणा असतो. बाकी दिवस तो धक्क्यावर गोणी उचलतो, मान खाली घालून.

१६ रवि

शेवंताचा फोन. आये पाणी घेत न्हाय.

वामन बोलला, "मी जाऊन येतो उद्या. बघून लगेच येतो."
मी बोलली, "परवा पालखी. उद्या तुमची उजळणी, दोन वर्षांनी पाय पडायचे हायत. परवा खेळे झाले की तसेच जा. मी पण येते."
"वयनी, ती थांबेल का?"
"थांबेल. तिला चोळी बघायचीय ना."

असं बोलली मी.

हे वारले तवाचं आठवलं. अकरा वर्षं झाली. गावकी बोलली, आता टिळ्याचा हात दुसऱ्या घरी द्या, विधवेचा नको. आये अंगणात जाऊन उभी राहिली. बोलली, "मी पण रांडाव हाय. माझ्या हातचा टिळा तुमच्या बापांनी लावून घेतला. हिचं कुकू पुसलं, हात न्हाय पुसला." टिळ्याचा हात माझ्याकडंच राहिला. मग घरात आली आणि मला बोलली, भात करपलाय.

१८ मार्च, मंगळ

आये गेली.

टिळा लागल्यावर फोन आला. खेळे झाले. रंग फिटल्यावर वामनला सांगितलं. साडेपाचच्या बोटीनं आगरदांड्याला. बाकी मग

१९ बुध. आगरदांडा

शेवंताच्या पडवीत बसलीय. वही पिशवीत तशीच आली, काजळाची डबी पण.

काल बोटीत वामन कठड्याला धरून उभा होता. गाड्यांच्या मधून मुंबईची माणसं फोटो काढत होती, खाडी, पक्षी. वामनच्या कानामागं पांढरा रंग राहिलेला. नखं लाल. घाईत पुसलं मी, जेवढं निघालं तेवढं. एक बाई सारखी त्याच्याकडं बघत होती. मी बोलली तिला, "काय बघता, माणूस हाय." ती दुसऱ्या बाजूला गेली.

शेवंता दारातच. "साडेअकराला फोन केला मी वयनी. सात तास झाले, आये तशी पडलीय. माणसं विचारतात ल्योक कुठं हाय, मी काय सांगू?"
मी बोलली, "रंग लागलेला."
ती दारातून बाजूला झाली. आमच्याच घरची लेक, नेम तिला ठाऊक हाय.
वामननं माझ्याकडं बघितलं. नुसतं बघितलं.

आयेला गावी न्यायची होती. पण पालखी वाडीत मुक्कामाला, मढं आणता येत न्हाय. खाडीच्या याच अंगाला जाळली तिला. उभं राहिलं की समोर आमचा डोंगर दिसतो. तेवढंच.

वामननं अग्नी दिला. किती वेळा हात धुतले त्यानं. नखं लालच.

२१ शुक्र

आज राख खाडीत सोडली. सगळी झोपलीत, उन्हं हायत बाहेर.

वर १८ तारखेला मी खोटं लिवलंय. खोडत न्हाय. खरं खाली लिवते.

समाजमंदिराच्या मागची खोली. आम्ही दोघंच. वामन पाटावर, डोळे मिटलेले, तोंडाला खोबरेल चोळलेलं. हिरवं लुगडं खुंटीला. बाहेर नारळ फुटला, तात्यानं हाक दिली, घ्या टिळा. मी बोट रंगात बुडवलं. तेवढ्यात माझा फोन वाजला. वामनचा पेटीत बंद करून ठेवलेला, तसाच नेम हाय. माझा ठेवायचा मी विसरली.

डाव्या हातानं घेतला.
"वयनी, आये गेली गं. आत्ता."
मी बोलली, हं.
"वामनला सांग. लवकर या."
मी बोलली, बरं.

वामन डोळे न उघडता बोलला, "कोणाचा?"
"कंपनीचा. फोनला गाणं लावून घ्या बोलतात."
तो हसला.

बोटावर रंग होता. कपाळावर न्हवता.

किती वेळ तशी उभी होती ठाऊक न्हाय. रंग बोटावरून ओघळून मनगटाला आला. बाहेर मृदंग सुरात लावत होते. लांबलांबून माणसं आलेली, रजा टाकून. तात्यानं परत हाक दिली.

मग लावला टिळा.

गावासाठी लावला असं बोटीत मनाशी बोलत आली. दोन वर्षांनी उभे राहिलेले खेळे, एकदा मोडले की परत कोण उभे करतो. हे खरं हाय पण त्यासाठी न्हाय लावला. आये असती तर तिनं पण लावला असता, असंही बोलली मनाशी. न्हाय. ती फोन पेटीत ठेवायला विसरलीच नसती. आणि कळलं असतं तर बोट धुवून बाहेर येऊन सांगितलं असतं, जा, यंदा राधा न्हाय.

चावी पहिल्यांदा माझ्याकडं आलेली. चोळी मी शिवलेली. माझ्या हातची राधा मला उभी करायची होती. एवढंच हाय ते.

बोटावरचा रंग म्हणजे लागलेला रंगच, असं पण बोलून बघितलं. कोणाच्या बोटावर? माझ्या. माझ्या बोटाला कोण राधा बोलतं.

त्यानंतर दीड तास तोंड रंगवलं. एक शब्द बोलली न्हाय, नेम पाळला. पहिल्यांदाच सोपा गेला.

२२ शनि

खेळ्यांचं लिवायचं राहिलं. लिवते, नायतर विसरीन. विसरणार न्हाय.

गवळण रंगली. दोन वर्षांत वामनचे पाय काय विसरले न्हायत. मावशीनं अडवलं, तात्यानं पदर खोचून.
"राधे, दुधात पाणी किती घातलंस गं?"
"मावशे, तुझ्या लग्नात तूप किती होतं?"
"थेंब न्हवता गं बाई."
"तेवढंच घातलंय."

माणसं लोळली. वामनला पण हसू आवरलं न्हाय, तोंडाला पदर लावून हसत राहिला. आयेचा पदर. मी पडद्यामागं. माझा फोन चोळीत थरथरत होता. सहा वेळा मोजला. शेवंता तिकडं मढ्याशेजारी बसून लावत होती.

एक म्हातारी पुढं येऊन राधेच्या पाया पडली. राधेनं तिच्या डोक्यावर हात ठेवला.

रंग पुसताना मी बोलली, "भावजी, आये गेली." अर्धं तोंड पुसलेलं, अर्धं राधेचं.
"कवा?"
"तुम्ही रंगात होता तवा कळलं."
त्यानं उरलेलं तोंड स्वतः पुसलं. लुगड्यानंच.

२४ सोम. घरी

शनिवारी परत आलो. घर आधीच दोघांत वाटलेलं, मधी भिंत. भिंतीपल्याड वामन काय करतो ते ऐकू येतं. काय करत न्हाय. मी भात न्हेऊन ठेवते, तो जेवतो, ताट स्वतः धुवून दारात ठेवतो. "वयनी" एवढं पण बोलला न्हाय तीन दिवस.

लुगडं धुतलं. रंगाचा डाग पदराला राहिला, तोंडभर. साबण लावला, लिंबू लावलं. जात न्हाय.

२६ बुध

तात्या आला. अंगणाबाहेरच उभा, आम्हाला सुतक. पाणी पण घेतलं न्हाय.

"वामन, बाहेर ये जरा."

वामन आला. डोकं तासलेलं, पंचा गुंडाळलेला. मी दाराच्या आत.

तात्या बोलला, "आगरदांड्याच्या माणसांकडून कळलं, फोन साडेअकराला आला. आपला नारळ पण साडेअकराच्या सुमाराला फुटला. परवा पालखी देवळात जायची. त्याच्या आधी गावकीला विचारून घ्यावं लागतं. तुला पण ठाऊक हाय."
"विचारा."
"टिळ्याच्या आधी कळलं का नंतर?"

आधी असेल तर काय, ते तात्या बोलला न्हाय. बोलायची गरज न्हवती. टिळ्याचा हात दुसऱ्या घरी जातो. पेटी जाते. आणि वामनला परत राधा न्हाय, कवाच न्हाय.

मला कोणी विचारलं न्हाय. दारात उभी होती चार पावलांवर, फोन माझ्या हातात आला होता, टिळा मी लावला. पण विचारायचं वामनला.

वामन बोलला, "नंतर."
"देवाची आण?"

त्यानं पंचा नीट गुंडाळला. मी उंबऱ्याला धरलं. मला वाटलं आता मी बाहेर जाऊन सांगते. पाय उचलला पण होता बहुतेक. मग ऐकलं.

"देवाची आण. नंतर."

तात्या हलकं हलकं बोलला, "मग झालं. म्हातारी नशिबाची. ल्योक राधा असताना गेली." आणि गेला.

वामन आत जाताना माझ्या समोरून गेला. माझ्याकडं बघितलं न्हाय.

त्यानं डोळे मिटले होते पण कान मिटले न्हवते. फोन वाजला तवा कपाळ कोरं होतं हे त्याला ठाऊक हाय. माझ्यापेक्षा जास्त ठाऊक हाय, कपाळ त्याचं.

२७ गुरवार

दहावा. मला वाटलं कावळा अडेल. सकाळपासून मी तयारीच केलेली मनाची, की अडला तर सगळ्यांच्या देखत बोलायचं, आये, चूक माझी. वाक्य पाठ केलं होतं.

पान ठेवलं आणि मागं वळेपर्यंत शिवला. म्हातारीला सगळ्याची घाई.

माणसं बोलली, बघा, काय मागं राहिलं न्हाय तिचं. माझं वाक्य माझ्याकडंच राहिलं.

२८ शुक्र

पालखी देवळात गेली. आम्हाला जाता येत न्हाय. वाजप इथपर्यंत ऐकू येत होतं. वामन ओट्यावर बसला होता. पायाचा अंगठा तालावर हलत होता त्याचा. मी बघितलं तसा थांबवला.

जत्रेला असे ना, शिमग्याला असे ना, मी कवा देवाला घाबरली न्हाय. घाबरायला वेळ कुठं होता. आता पण देवाचं भय न्हाय वाटत. भिंतीपल्याडच्या माणसाचं वाटतं.

३० रवि

तेरावं. पाडवा पण आज, आमच्याकडं गुढी न्हाय.

माणसं जेवून गेली. शेवंता दुपारच्या बोटीला निघाली. तिला नवी चोळी दाखवली, आयेला दाखवायची राहिलेली ती. तिनं बाही उलटून टाके बघितले, आये बघायची तसेच. बोलली, "वयनी, तू तिच्यासारखीच झालीस." बरं बोलली का वाईट, ते विचारलं न्हाय.

सगळं आवरल्यावर मी वामनच्या ओट्यावर गेली. तेरा दिवसांत पहिल्यांदा बोलायला. तो सुंभ वळत होता.

मी बसली न्हाय. उभ्यानंच बोलली, "भावजी, विचारा काय विचारायचं ते."

तो वळत राहिला. मग बोलला, "मी हसत होतो तवा आये मेलेली होती."
"व्हय."
"तुला ठाऊक होतं."
"व्हय."
"त्या म्हातारीच्या डोक्यावर हात ठेवला मी. राधा म्हणून."
त्यानं सुंभाला पीळ दिला.
"फोन आला तवा रंग कुठं होता, वयनी?"
"बोटावर."

त्यानं माझ्या हाताकडं बघितलं. मी पण बघितलं. भांडी घासून काळी झालेली बोटं. रंग तर कवाच गेलाय.

"मी देवाची आण घेतली," तो बोलला.
"मी सांगितली न्हवती घ्यायला."

हे बोलायचं न्हवतं. खरं होतं तरी न्हवतं बोलायचं. माझं तोंड.

सुंभ खाली ठेवला त्यानं. "सांगितली न्हवतीस. मग मी कोणासाठी घेतली? तुझ्यासाठी? माझ्यासाठी? मला परत राधा व्हायचंय म्हणून घेतली का मी? तेरा दिवस हेच विचारतोय मी मला. तू टिळा लावलास, मी शपथ घेतली. दोघांचं सारखंच झालं. तुला शिवी द्यायला पण तोंड ठेवलं न्हाईस तू."

एवढं तो एका दमात कवा बोलला न्हवता. चाळीस वर्षांत न्हाय.

"त्या सकाळी सांगितलं असतंस," तो बोलला, "तर मी काय केलं असतं, ते मला आता कवाच कळणार न्हाय. मीच बोललो असतो कदाचित, की लाव टिळा. कदाचित न्हाय. ते माझं होतं. ते तू घेतलंस."

मी घरात गेली. डब्यातून चावी काढली, आणून त्याच्या ओट्यावर ठेवली. बोलली, "पेटी घेऊन जा. गावकीला द्या, नायतर दुसरी कोणी शिकवा. सांगायचं तर सांगा, मी तात्यासमोर येऊन माझ्या तोंडानं बोलते. तुमची आण मोडते ती मोडू दे, माझ्या नावावर घाला."

त्यानं सुंभ परत हातात घेतला.

मी आली. दार लावलं न्हाय. पेटी न्यायला येईल म्हणून माळ्याखालची जागा मोकळी करून ठेवली, शिडी लावली.

३१ सोम

सकाळी बघितलं. पेटी माळ्यावर जशीच्या तशी. शिडी तशीच.

ओट्यावर चावी न्हाय.

वामन धक्क्यावर कामाला गेला. जाताना ताट दारात ठेवून गेला, धुतलेलं. भात सगळा खाल्ला होता.

पेटी न्हेली असती तर समजली असती. चावी तिथंच टाकली असती तरी समजली असती. पेटी माझ्याकडं, चावी त्याच्याकडं. म्हणजे काय ते पुढच्या शिमग्याला कळायचं, नायतर त्याच्या आधी तात्या अंगणात येऊन उभा राहील तवा. तो आलाच तर मी आत उभी राहणार न्हाय. हे मात्र आज लिवून ठेवते.

गंगावन तेवढं पेटीबाहेर राहिलेलं, दुपारी धुतलं. शिकेकाई दोनदा लावली, गरम पाण्यानं, बोटांनी बट बट सोडवून. तेलाचा वास पण ठेवला न्हाय. आये नाकाला लावून बघायची.

दोरीवर टाकलंय. संध्याकाळपर्यंत वाळेल. वाळलं की पेटीत ठेवायचं, तर पेटी बंद.